बालवाडीच्या बाईंची वाट पुढे कुठवर जाते?




आपल्या या अंकात शेतकी खात्याच्या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेतो. या वेळी विषय निराळा आहे. 'ऊस विकास अधिकाऱ्याचा आणि बालवाडीचा काय संबंध?' असे कुणी म्हणेल. संबंध आहे. तो कसा, ते आधी सांगतो.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला नोंदी तपासण्यासाठी आम्ही एका सभासदाच्या मळ्यात गेलो होतो. तोड चालू होती. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली. झोळीत तान्हे मूल, आणि झोळीला झोका द्यायला पाच वर्षांची त्याची बहीण. ट्रॅक्टर मागे घेताना ड्रायव्हरला ती पोरगी दिसलीच नाही. तोडणीवाल्यांनी आरडाओरडा केला म्हणून ट्रॉली हातभर अंतरावर थांबली. काही झाले नाही, पण त्या दिवशी आम्हांला जेवण गेले नाही.

संध्याकाळी आम्ही कारखान्याच्या अड्ड्यावर गेलो. तिथे मजुरांच्या मुलांसाठी आपली बालवाडी आहे. दाराला कुलूप. चौकशी केली तेव्हा कळले की, आधीच्या हंगामातल्या बाई या वर्षी आल्या नाहीत. त्यांनी तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात नोकरी धरली. आम्ही त्यांना निरोप पाठवला. त्यांचे उत्तर असे आले : "साहेब, पोरांचा लळा आहे हो. पण सहा महिने काम आणि सहा महिने घरी. पाच वर्षं झाली तरी मी हंगामीच. यात पुढं काय आहे ते तरी सांगा."

या प्रश्नाला तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून माहिती गोळा करायला लागलो. जे समजले ते सभासदांपुढे ठेवत आहोत. आपल्या कार्यक्षेत्रात दहावी-बारावी होऊन घरी बसलेल्या लेकी-सुना पुष्कळ आहेत. त्यांच्या उपयोगाचे हे आहे.

हे काम म्हणजे केवळ पोरं सांभाळणं नव्हे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद केले आहे की, माणसाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांच्या आतच होते. आपल्या भाषेत सांगायचे तर हा उगवणीचा काळ. लागणीनंतर महिन्याच्या आत नांग्या भरल्या तर रोप बरोबरीने चालते. उशिरा भरलेली नांगी आजूबाजूच्या उसाच्या सावलीत खुरटते, मग खत कितीही टाका. मुलांचेही पहिलीच्या वर्गात असेच होते. ज्याला गोष्ट ऐकायची सवय नाही, बोलायचा धीर नाही, बोटांना वळण नाही, ते पोर पहिल्या दिवसापासून मागे पडते.

चांगली बाई काय करते ते आम्ही एका अंगणवाडीत अर्धा दिवस बसून पाहिले. चिंचोके, मणी, बाटल्यांची झाकणे असा सारा पसारा. मुले रंगाप्रमाणे ढीग करीत होती. आम्हांला वाटले, खेळ चाललाय. बाईंनी समजावून सांगितले की, सारखे आणि वेगळे ओळखता आले म्हणजे पुढे गणित येते. मणी ओवता आले म्हणजे पुढे पेन्सिल धरता येते. गोष्ट मध्येच थांबवून 'आता काय होईल?' असे विचारले म्हणजे मूल विचार करायला लागते. घरचे लोक मात्र येऊन विचारतात, 'एबीसीडी कधी शिकवणार?' त्या वयात पाटी-पेन्सिलचा जुलूम करू नये, हे पालकांना पटवणे हेही बाईंचेच काम.

आता सांगा, हे कौशल्याचे काम आहे की नाही? उसाचा डोळा पाहून बेणे पारखणाऱ्याला आपण जाणकार म्हणतो. मग पोराची पारख करणारीला 'पोरं सांभाळणारी' का म्हणायचे?

या कामाची घडी कुणी घातली

आपल्याकडे ही वाट तयार केली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शहरातल्या मुलांसाठी चाललेले हे शिक्षण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला का नसावे, या विचाराने त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ, ही कल्पना त्यांचीच. आज देशभर जो 'अंगणवाडी' शब्द रूढ आहे, त्याचे मूळ तिथे आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले.

अनुताईंची हकिगत तर आपल्या घरातल्या लेकी-सुनांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी तिथेच आयुष्य संपायचे. पण त्या व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, चांदवड भागातल्या खेड्यात आणि नंतर पुण्यात शिकवले. नोकरी करता करता रात्रशाळेत जाऊन १९३७ साली मॅट्रिक झाल्या. १९४५ साली ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत आयुष्य काढले. पदवी घेतली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली.

यातला बोध एवढाच की, या कामात शिक्षण आधी पुरे करून मग नोकरी, असा एकच रस्ता नाही. काम आणि शिक्षण बरोबरीने चालते. वय आड येते ते फक्त काही नोकऱ्यांच्या अटींत, शिकण्यात नाही.

सरकारी वाट : पायरी-पायरीने

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. महाराष्ट्रातला पहिला प्रकल्प मेळघाटातील धारणीचा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पुढे पाठवणे, आयांना पोषण व आरोग्याचे शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा यात आहेत. साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी, असे प्रमाण आहे.

या योजनेत चढण्याच्या पायऱ्या अशा :

पहिली पायरी मदतनीस. मुलांना घरून आणणे, आहार, स्वच्छता आणि सेविकेला हातभार.

दुसरी पायरी अंगणवाडी सेविका. केंद्र तिच्याच जबाबदारीवर चालते. शिकवणे, वजन-उंची घेणे, घरभेटी, नोंदी. पूर्वी रजिस्टरांचा ढीग असायचा. २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे मोबाईलमधले ॲप आले आहे. महाराष्ट्रात २०२३ पासून सेविका व मदतनीस या दोन्ही पदांना किमान बारावी उत्तीर्ण ही अट आहे. वय १८ ते ३५, विधवा भगिनींना ४० पर्यंत सवलत. उमेदवार स्थानिक रहिवासी हवी. म्हणजे आपल्या गावची जागा आपल्या गावच्या लेकी-सुनेलाच मिळायची आहे, बाहेरून कुणी येऊन घेणार नाही.

तिसरी पायरी पर्यवेक्षिका, जिला आपण मुख्यसेविका म्हणतो. तिच्या बीटमध्ये सुमारे २५ अंगणवाड्या येतात. ही नियमित पगाराची नोकरी आहे आणि तिला पदवी लागते.

चौथी पायरी बालविकास प्रकल्प अधिकारी. हे राजपत्रित पद असून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरले जाते.

आता महत्त्वाची गोष्ट. केंद्र शासनाच्या नियमानुसार सेविकेच्या निम्म्या जागा पाच वर्षे अनुभव असलेल्या मदतनिसांमधून भरायच्या आहेत. तसेच पर्यवेक्षिकेच्या निम्म्या जागा पाच वर्षे अनुभव असलेल्या सेविकांमधून भरायच्या आहेत. अट एवढीच की, वरच्या पदाची इतर पात्रता पूर्ण हवी. पुष्कळ भगिनी इथेच अडकतात. अनुभव दहा-पंधरा वर्षांचा असतो, पण पदवी नसते. जागा निघते, आणि हाताला लागत नाही.

आम्ही हे स्वतःवरून सांगतो. कृषी पदविका घेऊन आम्ही शेतकी मदतनीस म्हणून गटात रुजू झालो. बरोबरीचे पदवीधर पाहता पाहता पुढे गेले. आम्हांला इथवर यायला जास्त वर्षे लागली, आणि इथून पुढची पायरी आम्हांला नाही हेही ठाऊक आहे. मळ्यातला अनुभव कागदावर मोजत नाहीत. हे बरोबर की चूक हा वाद निराळा. पण ज्या भगिनीचे वय अजून हातात आहे, तिने कागदही हातात घ्यावा.

शिक्षणाची वाट

ज्यांची बारावी राहिली आहे त्यांनी बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यावी. फॉर्मची मुदत दरवर्षी जाहीर होते, ती चुकवू नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचाही मार्ग आहे.

बारावीनंतर तीन रस्ते फुटतात.

एक, पदविका. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व बालशिक्षणाची पदविका बारावीनंतर घरी राहून करता येते. अभ्यास हिंदी किंवा इंग्रजीतून आहे, ही अडचण ध्यानात घ्यावी. नियमित कॉलेजात जाता येत असेल तर पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असेल तिथेच ती घ्यावी.

दोन, डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचे डी.एड. हाही दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. यातून प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेची वाट मिळते, मात्र पुढे शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हावी लागते. नव्या धोरणात तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. अंगणवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीची दोन, मिळून पाच. त्यामुळे बालवाडी आणि शाळा यांच्यामधला बांध हळूहळू मोडतो आहे.

तीन, पदवी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून मराठीतून बी.ए. करता येते. मुंबई-पुण्यात राहणे शक्य असेल तर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात मानवविकासाचा अभ्यास पदवी आणि त्यापुढेही करता येतो. असे शिकलेल्या भगिनी प्रशिक्षण केंद्रांत शिकवतात, पुस्तके-खेळणी तयार करणाऱ्या संस्थांत काम करतात, स्वतःची बालवाडी काढतात.

सध्या ज्या सेविका कामावर आहेत त्यांच्यासाठीही धोरणात तरतूद आहे. बारावी व त्यापुढे शिकलेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका. काम न सोडता, मोबाईल व दूरदर्शनच्या मदतीने शिकायचे आणि महिन्याला निदान एक दिवस प्रत्यक्ष वर्गात बसायचे, अशी योजना आहे. २०२३ पासून 'पोषण भी पढाई भी' या नावाने सेविकांचे प्रशिक्षणही सुरू झाले आहे. प्रशिक्षणाचा निरोप आला की टाळाटाळ करू नये. घरच्यांनीही त्या दिवशी भांगलण काढू नये!

फसवणुकीपासून सावध

आमच्या नात्यातल्या एका मुलीने एका खाजगी क्लासमध्ये 'शिक्षिका प्रशिक्षण' म्हणून वर्षभर फी भरली. रंगीत प्रमाणपत्र मिळाले. नोकरीसाठी अर्ज केला तेव्हा कळले की, त्या कागदाला कसलीच मान्यता नाही. पैसे गेले, वर्ष गेले, आणि पोरीचे मन खट्टू झाले ते वेगळेच.

बेणे घेताना आपण बेणे मळ्याची खात्री करतो. तशीच इथेही करावी. तीन प्रश्न विचारावेत : हा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा? मान्यतेचा कागद दाखवता का? या प्रमाणपत्रावर कोणत्या पदाला अर्ज करता येतो? तिन्ही उत्तरे लेखी मिळत नसतील तर फी भरू नये. खाजगी बालवाडीत शिकून हात बसवायचा असेल तर खुशाल बसवावा, पण ते सरकारी पात्रतेचे शिक्षण आहे असे समजू नये.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत

एकच बाजू सांगणे बरे नव्हे. सेविका व मदतनीस यांना पगार नाही, मानधन आहे. केंद्राचा वाटा ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेला दरमहा ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये ठरला. त्यात राज्य शासन आपली भर घालते. कामाच्या मानाने ही रक्कम थोडीच आहे आणि त्यासाठी भगिनींना वेळोवेळी संप करावे लागले आहेत. एक गोष्ट मात्र चांगली झाली. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. आयुष्यभर राबून रिकाम्या हाताने घरी जायचे, त्याला या निकालाने काही आधार मिळाला.

दुसरी अडचण घरची. "सुनेनं नोकरी केली तर गोठ्यातलं कोण बघणार?" हे वाक्य आम्ही फार ऐकतो. परवा एका जुन्या सभासदांनीच हे विचारले. आम्ही म्हणालो, "अण्णा, तुमचा नातू अंगणवाडीत जातो ना? तिथली बाई पण कुणाची तरी सूनच आहे." अण्णा हसले, पण विषय तिथेच राहिला. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला की, १७ नंबरचा फॉर्म कुठे मिळतो?

आपण काय करावे

पहिले, घरातल्या मुलीचे किंवा सुनेचे शिक्षण कुठे थांबले ते विचारा. दहावी असेल तर बारावी, बारावी असेल तर पदवी. पाच वर्षांनी जागा निघेल, तेव्हा कागद तयार असावा. आडसाली उसाला सोळा-अठरा महिने थांबता, तसे याला तीन-चार वर्षे थांबावे लागते.

दुसरे, आपल्या गावच्या अंगणवाडीत महिन्यातून एकदा जाऊन या. जाताना रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल, पण बाईंना 'आज मुलं काय शिकली?' एवढे विचारा. कुणी विचारणारे आहे, याचा मोठा हुरूप येतो.

तिसरे, आपल्या मळ्यात टोळी आली की मुकादमाला सांगा, तीन वर्षांपुढची मुले गावच्या अंगणवाडीत पाठवा. बीड, जालना, अहिल्यानगरकडून आलेल्या मुलांना इथल्या अंगणवाडीत दाखल करून घेता येते आणि पोषण ट्रॅकरवर त्यांची नोंद इकडे वळवता येते. 'आमच्या गावची नाहीत' असे कुणी म्हणू नये. आपला ऊस त्यांच्याच आई-बापाच्या कोयत्याने तुटतो. आणि तोड चालू असताना बांधावर मूल दिसले, तर ट्रॅक्टर हलवण्याआधी ते कुठे आहे हे पाहण्याची जबाबदारी मळेमालकाने स्वतः घ्यावी.

चौथे, आपल्या अड्ड्यावरच्या बालवाडीबद्दल. तिथल्या बाईंना हंगामी न ठेवता बाराही महिने कामावर घ्यावे, रिकाम्या सहा महिन्यांत त्यांच्या शिक्षणाची फी कारखान्याने भरावी, अशी लेखी विनंती आम्ही संचालक मंडळापुढे ठेवली आहे. निर्णय मंडळाचा आहे. खर्च एका बैलगाडीच्या दुरुस्तीहून फार मोठा नाही. हा विषय वार्षिक सभेत निघेल तेव्हा सभासदांनी गप्प बसू नये, बाजूने किंवा विरोधात, पण बोलावे.

कापडाच्या दुकानात गेलेल्या त्या बाईंना आम्ही ही सगळी माहिती कागदावर लिहून दिली. त्यांची बारावी झालेली आहे, वय ३१. म्हणजे गावात जागा निघाली तर चार वर्षे हातात आहेत. त्यांनी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातले आहे. पुन्हा अड्ड्यावर येतील का, हे त्यांनी सांगितले नाही. आम्हीही आग्रह धरला नाही. त्यांनी विचारले होते, पुढे काय आहे? ते आधी आपण दाखवायला हवे, मग बोलवायला तोंड राहील.

अधिक माहिती हवी असेल तर पंचायत समितीतील बालविकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. भरतीच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून जाहिरात नीट वाचूनच अर्ज करावा. अर्ज भरण्यास अडचण आली तर आपल्या गटऑफिसात यावे. उसाच्या नोंदीइतक्याच आपुलकीने आमची माणसे मदत करतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते